उजव्या हातातला पाहुणा

आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. बेळगावचा पाऊस लागला की सहालाच अंधारून येतं, भांडी घासून पालथी पडतात आणि मग रात्र नुसती लांब होऊन पुढ्यात बसते. गेल्या पावसाळ्यात अशा रात्रींत मी एक जपानी चित्रमालिका पाहिली. चोवीस भागांची. खरं तर ती लेक बघत होती, मी शेजारी ताटात तांदूळ घेऊन निवडत बसले होते. पहिल्याच भागात एक बाई नवऱ्याला काहीतरी विचारते, नवऱ्याचं डोकं पिकलेल्या फणसासारखं उकलतं आणि तो एका घासात तिचं मुंडकं तोडतो. मी ताट बाजूला सारलं आणि लॅपटॉप मिटवला. "चातुर्मास चालू आहे गं. काय लावलंयस हे?"

ती शांतपणे म्हणाली, "आई, सहा-सात भाग धीर धर. त्या मुलाला पण रडू येत नाही."

त्या 'पण'साठी मी लॅपटॉप पुन्हा उघडू दिला. माझी आई त्याच वर्षी संक्रांतीच्या आधी गेली. मी रडले नाही. आली-गेली माणसं सांभाळली, सुतक फिटलं, बस्तीत जाऊन आले, डोळे कोरडेच. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, धीराची आहे हो. एकदोघी माझ्या माघारी म्हणाल्या, दगड आहे की. तेही कानावर आलं. लेकीने हे सगळं पाहिलेलं. मला सरळ विचारायचं तिला जमलं नसावं, म्हणून तिने ही मालिका पुढ्यात ठेवली असं मला आता वाटतं.

मालिकेचं जपानी नाव 'किसेइजू', म्हणजे परजीवी पशू. इंग्रजीत तिला 'पॅरासाइट: द मॅक्सिम' म्हणतात. ऑस्कर मिळालेला कोरियन 'पॅरासाइट' तो वेगळा, त्याचा हिच्याशी काही संबंध नाही. हितोशी इवाआकी यांची मूळ चित्रकथा 1980 च्या दशकाच्या अखेरीस मासिकातून सुरू झाली, दहा खंडांत पुरी झाली आणि 1993 साली तिला कोदान्शा मांगा पुरस्कार मिळाला. पडद्यावर ती फार उशिरा आली. ऑक्टोबर 2014 ते मार्च 2015 या काळात मॅडहाउस या स्टुडिओने केनिची शिमिझु यांच्या दिग्दर्शनाखाली ती केली. पुढे मी शेवटासकट सगळं सांगणार आहे. ज्यांना आधी बघायची असेल त्यांनी इथे खूण घालून पुस्तक मिटावं.

गोष्ट अशी. एका रात्री अळीसारखे बारीक जीव माणसांच्या वस्तीत येतात. झोपलेल्याच्या कानातून, नाकातून शिरतात, मेंदू गिळतात आणि त्या धडावर मालकी करतात. बाहेरून तोच माणूस, तेच कपडे, तोच पत्ता. आत दुसरंच कुणी, आणि त्याचं अन्न म्हणजे माणूस. शिनइची इझुमी या शाळकरी मुलाच्या अंगातही असाच एक जीव शिरतो, पण मुलगा वेळीच जागा होतो, दंडाला हेडफोनची वायर आवळतो, आणि तो जीव मेंदूपर्यंत न पोचता उजव्या हातातच अडकतो. तिथेच वाढतो. उजवा म्हणून त्याचं नाव मिगी. एका शरीरात दोन जीव, एकमेकांशिवाय जगता न येणारे.

मिगी हे या मालिकेतलं सगळ्यात नवलाचं पात्र. तळहातावर एक डोळा, एक तोंड. रात्रभर पुस्तकं वाचतो, माणसांची भाषा शिकतो आणि मग लहान मूल विचारतं तसे प्रश्न विचारतो. आया हिरानो या अभिनेत्रीने त्याला आवाज दिला आहे. त्या आवाजात राग नाही, माया नाही, निव्वळ कुतूहल आहे. दुसऱ्याचा जीव गेला तर मला काय, असं तो सहज म्हणतो, आणि त्यात क्रूरपणाही नसतो, म्हणून जास्त थंडी वाजते. सुरुवातीलाच शिनइची त्याला सैतान म्हणतो. मिगी पुस्तकात बघून सांगतो की या शब्दाच्या सगळ्यात जवळचा प्राणी मला माणूसच वाटला. तुम्ही नाना प्रकारचे जीव मारून खाता, आमची जात फार तर एकदोन.

मैत्रिणींनो, इथे माझ्या चेहऱ्यावर जरा समाधान आलं, ते मी कबूल करते. आपण काही खात नाही बाई. हा प्रश्न आपल्या दारावरून पुढे शेजारणीकडे गेला. पण ते समाधान दोन भागांपलीकडे टिकलं नाही, आणि याचं श्रेय मालिकेलाच द्यायला हवं. ती मांस खाणाऱ्यांना टोचून थांबत नाही. जगायचं तर दुसऱ्या जिवावर पाय पडतोच, मग तो पडताना तुला काही होतं का, एवढंच ती पुन्हापुन्हा विचारते. आपल्यातली निम्मी घरं शेतीवाली. उसावर फवारणी करताना किती जीव जातात याचा हिशेब कोण ठेवतं? आरंभी हिंसा, उद्योगी हिंसा अशी नावं आपल्याला स्वाध्यायात पाठ झालेली आहेत. नाव ठाऊक असलं की काम झालं असं वाटायला लागतं. मिगीला नावं ठाऊक नाहीत, तो फक्त बघतो आणि बोलतो.

आता आईबद्दल. या मालिकेचा जीव इथे आहे.

शिनइची लहान असताना उकळत्या तेलाचं भांडं त्याच्यावर पडणार होतं, आईने हात मध्ये घातला. तिच्या हातावर भाजल्याचा मोठा डाग आहे. ही गोष्ट फार गाजावाजा न करता सुरुवातीला सांगून ठेवलेली. आई-वडील सहलीला जातात. तिथे एक परजीवी आईला मारून तिचं धड घेतो, वडील जखमी होऊन दवाखान्यात पडतात. इकडे घरी मुलगा एकटा. दारात आई येऊन उभी राहते. तोच चेहरा, तेच अंग. मिगी ओरडून सांगतो, ही तुझी आई नाही. मुलगा ऐकत नाही. कसा ऐकेल? ती जवळ येते आणि त्याच्या छातीत पातं घुसवते.

इथे हिंसा आहे, रक्तही आहे. पण मी नजर वळवली नाही. कारण या प्रसंगात भीती त्या पात्याची नव्हती, मुलगा पुढे पाऊल टाकतो त्याची होती. बघणारी प्रत्येक बाई मनात म्हणते, अरे थांब, आणि तिला हेही ठाऊक असतं की तो थांबला तर तो मुलगा कसला. भयकथा म्हणून एवढं चोख मी फार थोडं पाहिलं आहे.

मिगी त्याचं फाटलेलं हृदय आपल्या पेशी घालून जोडतो. मुलगा जगतो, पण त्या पेशी अंगभर पसरतात. चष्मा सुटतो, पळायला-उडी मारायला जोर येतो, आणि रडू जातं. पुढे समुद्राकाठच्या गावात आईच्या देहात फिरणाऱ्या त्या जिवाला तो गाठतो. मारायची वेळ येते तेव्हा त्याची नजर त्या भाजलेल्या हातावर पडते आणि हात थांबतो. शेवटचा घाव तो घालत नाही. उदा नावाचा एक साधाभोळा माणूस आहे, त्याच्या जबड्यात असाच एक परजीवी आहे, तो पुढे होऊन घालतो. मुलाने आईच्या अंगावर हात उचलू नये म्हणून एका परक्या माणसाने ते आपल्याकडे घेतलं. सगळ्या चोवीस भागांत मला आवडलेल्या माणसांत हा उदा फार वर आहे. लठ्ठ, घाबरट, चटकन रडणारा. बाकीच्या मालिकांत असल्या माणसाला फक्त हसण्यासाठी ठेवतात.

मग ते कुत्र्याचं पिल्लू. रस्त्यात गाडीखाली सापडलेलं पिल्लू शिनइचीच्या हातात मरतं. तो ते उचलतो आणि कचऱ्याच्या डब्यात टाकतो. मुरानो ही त्याची मैत्रीण हादरून बघते. त्याला कळतच नाही की आपण काय चुकलो. मेलं, आता ते कुत्रं कुठे राहिलं, नुसतं मांस. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला काहीतरी उमजतं आणि नंतर तो परत जाऊन त्या पिल्लाला झाडाखाली पुरतो. पण आतून काही हलत नाही, हे त्याला स्वतःलाच दिसतं आणि त्याचीच त्याला भीती वाटते. लेकीने माझ्याकडे बघितलं नाही. मीही तिच्याकडे बघितलं नाही. तांदूळ निवडत राहिले.

इथपर्यंत मालिका जवळजवळ निर्दोष आहे असं मी म्हणेन. पुढे तिचा तोल जातो, कधी सावरतो, पुन्हा जातो.

पहिली तक्रार मुलींची. मुरानो सातोमी ही नायिका. शिनइची बदलला आहे हे सगळ्यांत आधी तिला कळतं. ती त्याला पुन्हापुन्हा विचारते, तू इझुमी शिनइचीच ना? पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. चौथ्या-पाचव्यांदा मात्र वाटतं, अगं बाई, पुढे काही कर की. तिला लेखकाने दुसरं कामच दिलेलं नाही. काळजी करायची, रुसायचं, वाट बघायची, आणि शेवटी गच्चीवर एका खुन्याच्या हाती सापडायचं म्हणजे नायकाला वाचवायला मिळावं. दुसरी काना. तिला परजीवींची चाहूल लागते, हजारांत एखादीला असावी अशी शक्ती. या शक्तीचं काय होतं? शिनइचीवर तिचं मन बसतं, स्वप्नात तो घोड्यावरून येतो, आणि ती चाहूल त्याचीच समजून धावत भलत्याच परजीवीच्या पुढ्यात जाऊन मरते. एवढी मोठी देणगी आणि तिचा उपयोग एवढाच की नायकाच्या मनावर आणखी एक ओरखडा उठावा. मला याचा राग आला. माणसाच्या मुलींना या गोष्टीत वाढ नाही. परजीवीला आहे.

त्या परजीवी बाईचं नाव आधी तामिया ऱ्योको, पुढे तामुरा रेइको. शाळेत गणित शिकवते. बाईचं धड घेतलेला हा जीव हुशार आहे आणि आपण कोण, कशासाठी जन्मलो हा प्रश्न त्याला पडला आहे. प्रयोग म्हणून ती दुसऱ्या एका परजीवीशी संग करते आणि गरोदर राहते. मूल जन्माला येतं ते साधं माणसाचं, कारण धडं माणसांचीच. लग्न न होता दिवस गेले म्हणून तिची शाळेतली नोकरीही जाते. माणसं खाणाऱ्या बाईला माणसांनी बाहेर काढलं ते या कारणासाठी! लेखक इथे गालात हसला असणार.

तिला भेटायला त्या मूळ मुलीची आई येते आणि एका नजरेत ओळखते की ही माझी पोर नव्हे. चेहरा तोच, आवाज तोच, तरी ओळखते. रेइको तिला मारून टाकते, पण हिला कळलं कसं, हा प्रश्न तिच्या डोक्यातून जात नाही. तिकडे शिनइचीला आपली आई ओळखता आली नाही, इकडे एका आईला लेक ओळखता आली. दोन्ही प्रसंगांना मालिका एकमेकांशेजारी आणून समजावत बसत नाही. बघणाऱ्याने जोडायचे. मला वाटतं हे पुरुष लेखकाने लिहिलं आहे हे विसरायला लावणारे जे थोडे क्षण आहेत त्यांतला हा एक.

सुरुवातीला ती बाळाला एखादी पिशवी धरावी तशी धरते. रडलं तर रडू देते. मग एकदा आरशापुढे बाळाला हसवायला म्हणून तोंड वेडंवाकडं करता करता ती स्वतःच मोठ्याने हसते आणि दचकते, कारण तिच्या जातीला हसू येत नाही. अत्सुको तानाका यांचा आवाज इथे ऐकावा. 'घोस्ट इन द शेल' या 1995 च्या चित्रपटातल्या नायिकेचा आवाज त्यांचाच. 2024 मध्ये त्या वारल्या. खालच्या पट्टीतला, थंड, सरळ आवाज. त्या एका हसण्यात त्यांनी तो किंचित फुटू दिला आहे, बस्स.

अठराव्या भागात बागेत पोलीस तिला घेरतात. तिची ताकद एवढी की मनात आणलं तर वाट काढता आली असती. ती लढत नाही. बाळाला पोटाशी धरते, स्वतःच्या अंगाची ढाल करते आणि गोळ्या झेलत शिनइचीकडे चालत येते. तो मागे सरू नये म्हणून ती आपला चेहरा बदलून त्याच्या आईचा करते. बाळ त्याच्या हातात देते. मग मरते. आणि त्या मुलाला रडू येतं.

मला आलं का, असं लेकीने विचारलं नाही. पियानोची संथ धून वाजत होती, पाऊस पत्र्यावर होता. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगीच दुधाचं पातेलं फडताळात हलवून ठेवलं. तिथे काय झालं ते माझं मला ठाऊक. आईच्या शेवटच्या महिन्यात ती मला ओळखत नव्हती, परकी बाई समजून मला 'तुम्ही' म्हणायची, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सगळे विचारायचे, शेवटी काही बोलल्या का? मी म्हणायचे, हो, माझं नाव घेतलं.

पण मी समीक्षा लिहायला बसले आहे, तर पुढच्या तक्रारीही सांगते.

हिंसा दोन तऱ्हेने दाखवता येते. आईच्या, पिल्लाच्या, रेइकोच्या प्रसंगात जो मरतो त्याचं कुणीतरी असतं, आणि मालिका त्या कुणाच्या तरी चेहऱ्यावर थांबते. पण गोतो नावाचा महाबली येतो तिथून हिशेब बदलतो. एका शरीरात पाच परजीवी, असा हा. सराव म्हणून तो गुंडांच्या एका कचेरीत शिरतो आणि सगळ्यांना कापून काढतो. धडं उडतात, भिंती लाल होतात, मागे धडधड संगीत. इथे कुणी कुणाचं नसतं. बघणाऱ्याने फक्त गोतोच्या वेगाचं कौतुक करायचं. गुंड होते म्हणून काय झालं? पुढे नगरपालिकेच्या इमारतीत पोलीस आणि सैनिक एकेका माणसाला तपासून परजीवींना गोळ्या घालतात, तो भागही असाच लांबतो. तो वेधक आहे हे नाकारत नाही; आत अडकलेल्या साध्या माणसांची घालमेल चांगली आली आहे. पण अर्ध्या वाटेवर माझा जीव घाबरायचा थांबला आणि मोजायला लागला, किती उरले. मालिकेने शिनइचीचं जे झालं म्हणून दाखवलं, तेच तिने माझं केलं. मुद्दाम केलं असतं तर मी दाद दिली असती. तसं वाटत नाही.

बस्तीतल्या आमच्या महिला मंडळात या विषयावर बोलणं निघालं होतं. पोरं मोबाईलवर रक्ताची कार्टूनं बघतात, बंद करायला हवं, असा एकंदर सूर. मी म्हटलं, सरसकट बंद म्हणू नका, कोणता घाव कशासाठी आहे ते बघा. एक अक्का म्हणाल्या, घाव तो घावच की हो. त्यांचं खोटं नाही. त्यांना उत्तर द्यायचं तर मला पिल्लाचा भाग आणि गुंडांचा भाग शेजारी शेजारी लावून दाखवावे लागले असते, आणि अक्कांना दुसरा भाग दाखवायची माझी छाती नाही.

भाषणं हाही एक दोष. हिरोकावा हा महापौर परजीवींचा पुढारी. सभागृहात गोळ्या खाण्याआधी तो लांब व्याख्यान देतो, की पृथ्वीला खरी कीड माणसाचीच लागली आहे. आणि मग कळतं की तो स्वतः परजीवी नव्हता, माणूसच होता. कल्पना जबरदस्त. पण जे मिगीने सुरुवातीला दोन वाक्यांत सहज सांगितलं तेच याने मंचावरून सांगितल्यावर निवडणुकीच्या सभेसारखं वाटतं. जंगलं जळताहेत, माणसं फार झाली, ही काळजी मूळ चित्रकथेच्या काळातली. मालिकेने काळ पुढे आणला, पोरांच्या हाती स्मार्टफोन दिले, पण विचार तिथेच ठेवला. शिवाय हातोहाती कॅमेरे असलेल्या शहरात माणसांची डोकी उकलतात आणि लोक बातम्यांसाठी टीव्हीकडे बघत बसतात, हे आमच्या गल्लीतल्या पोरांनाही पटणार नाही. संगीताबद्दल एवढंच, की संथ आहे तिथे चांगलं, ठोकत सुटतं तिथे दुःखाच्या प्रसंगातही मांडवातल्या स्पीकरची आठवण येते.

एक गंमत मात्र सांगायला हवी. प्रत्येक भागाचं नाव कुठल्या ना कुठल्या पुस्तकाचं आहे. काफ्काचं 'रूपांतर', दोस्तोयेव्हस्कीचं 'गुन्हा आणि शिक्षा', सोसेकींचं 'कोकोरो'. लेकीने यादी केली आणि त्यातली दोन पुस्तकं वाचायला घेतली. मिगीसुद्धा वाचूनच माणसात आला, तेव्हा तक्रार नाही.

शेवटाकडे येते. गोतो हरतो कशाने? शिनइचीच्या शौर्याने नव्हे. डोंगरात कुणीतरी चोरून टाकलेल्या कचऱ्यातली एक गंजकी सळई तो गोतोच्या अंगात खुपसतो आणि तिला लागलेल्या विषाने त्या पाच जिवांची एकी मोडते. माणसाने जमिनीत पेरलेलं विष माणसाला वाचवतं. हिरोकावाच्या अख्ख्या व्याख्यानापेक्षा ही सळई जास्त बोलते.

पण खरी परीक्षा नंतर. गोतो पडला आहे, तुकडे हळूहळू पुन्हा जुळताहेत. जगेल की मरेल सांगता येत नाही. मारायचं की सोडायचं? शिनइची म्हणतो, हाही जीवच आहे, जगायला धडपडतो आहे, मी कोण? आणि पाठ फिरवून चालायला लागतो. मग थांबतो. परत येतो, आणि रडत रडत त्याला मारतो. तो दुष्ट होता असं तो म्हणत नाही. माझी माणसं वाचायला हवीत, एवढंच त्याच्याकडे कारण आहे, आणि ते स्वार्थाचं आहे हेही त्याला कळतं.

आपल्याकडे याला विरोधी हिंसा म्हणतील, गृहस्थाला ती पूर्णपणे टाळता येत नाही असंही सांगतील. दारात आलेल्या संकटाला उलटून मारणं वेगळं आणि ठरवून मारणं वेगळं. पण इथे गोतो दारात आलेला नाही, तो जमिनीवर पडला आहे. विरोधी म्हणावी तर संकट या क्षणी नाही, संकल्पी म्हणावी तर उद्याचं संकट समोर दिसतं आहे. मी आमच्याकडच्या एका जाणत्या बाईंना हा प्रसंग सांगून विचारलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तो रडला म्हणालीस ना?" मी हो म्हटलं. त्यांनी पुढे काही सांगितलं नाही. मालिकाही सांगत नाही, आणि या एका जागेसाठी मी तिचे कंटाळवाणे चार भाग माफ करायला तयार आहे.

त्यानंतर मिगी कायमचा झोपी जातो, हात नुसता हात उरतो. इथे संपायला हवं होतं. पण तो उरागामी नावाचा खुनी गच्चीवर मुरानोला घेऊन उभा राहतोच. माणूसच माणसाला मारतो, परजीवी नाही, हा मुद्दा आम्हाला केव्हाच कळलेला. तरी एक आहे. मुरानो खाली पडते तेव्हा शिनइचीचा हात पुरत नाही, आणि झोपलेला मिगी क्षणभर जागा होऊन तिला धरतो. दुसऱ्याचा जीव गेला तर मला काय म्हणणारा तो.

दशलक्षणाचे दहा दिवस आम्ही मालिका बंद ठेवली होती, त्यामुळे शेवटचे भाग गणपतीनंतर पाहिले गेले. लेक नंतर पुण्याला गेली. दिवाळीत धाकट्या जाऊबाई त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. त्याला या मालिकेचं कुठून तरी कळलेलं. मी काकूच्या अधिकाराने सांगितलं, अजून तीन-चार वर्षं नाही बघायची, नंतर आपण दोघं मिळून बघू. त्याने मान डोलावली. संध्याकाळी मी फराळाची ताटं भरत होते तर स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"काकू, तो मुलगा त्या पिल्लाला नंतर पुरतो ना?"

"पुरतो," मी म्हटलं. "तू आठव्या भागापर्यंत आलायस वाटतं."

तो काही बोलला नाही. मी त्याच्या हातात चकली दिली आणि शेजारी पाट सारला.